किल्लारी ते नागोर : यादी कोण लिहितो?

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. पहाटे चारच्या आत नागापुरातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत मांडणीवरची भांडी वाजली. अम्मी उठून बसली. अब्बांना सकाळची शिफ्ट होती, ते कूस बदलून म्हणाले, मांजर असेल, झोप. सकाळच्या बातम्यांत किल्लारी हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. लातूर कुठे आहे हे शाळेच्या नकाशामुळे माहीत होतं. किल्लारी मात्र नकाशात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुमा होता. नागापूर म्हणजे नगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्याला लागून असलेलं गाव. एमआयडीसी आल्यावर गावाभोवती कामगारांची वस्ती वाढली. जमातीत बहुतेक जण कारखान्यातले, काही वेल्डर, काही हातगाडीवाले. नमाजनंतर दारात चादर पसरली गेली. तिथे एकाने दबक्या आवाजात विचारलं की जकातीचे पैसे यात चालतील का, कारण घेणारे बहुतेक हिंदू असणार. म्हातारे मौलवीसाहेब म्हणाले, ही इमदाद आहे, सदक्याच्या नियतीने टाका, आणि मेलेल्यांची नावं विचारत बसू नका.

तो काळ आठवला तर या प्रश्नामागची भीती कळते. बाबरी मशीद पाडली जाऊन दहा महिनेही झाले नव्हते. जानेवारीत मुंबई जळाली, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. दाढीवाल्या चार माणसांनी ट्रकमधून परजिल्ह्यात जायचं तर घरचे काळजी करत. तरी ट्रक निघाला. मिरजगाव, करमाळा, टेंभुर्णी, सोलापूर, नळदुर्ग असा रस्ता. चौथ्या दिवशी माणसं परत आली तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, आम्हाला कुणी नाव विचारलं नाही. दुसरी, आपण नेलेली जुन्या कपड्यांची गाठोडी कुणालाच नको होती. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. लोक पत्रे मागत होते, दोर मागत होते, कंदील मागत होते.

पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की त्या ट्रकवाल्यांना चार दिवसांत जे दिसलं, ते समजायला सरकारला आणि संस्थांना पाच वर्षं लागली. ती पाच वर्षं महाराष्ट्राच्या इतिहासात नीट नोंदली गेलेली नाहीत. किल्लारी म्हटलं की भूकंप आठवतो आणि लगेच नवी गावं आठवतात. मधलं सगळं गळून पडतं.

भूकंप झाला ती गणेश विसर्जनाची रात्र होती. मिरवणुकीतून दमून आलेले लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा धक्का बसला. आकडा ऐकून जपानी माणूस म्हणेल, यात इतके मेले कसे? सरकारी नोंदीत मृतांची संख्या ७,९२८ आहे, इतर काही नोंदींत ती साडेनऊ हजारांच्या पुढे जाते. जखमी सुमारे सोळा हजार. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, तळणी, राजेगाव, पेठसांगवी, लिंबाळा अशी तेरणेच्या खोऱ्यातली गावं सकाळी दगडांचे ढीग झाली होती.

या ढिगाऱ्यांचं कारण भिंतीत होतं. मराठवाड्यात ऊन कडक, काळ्या पाषाणाला तोटा नाही, म्हणून भिंती दोन-अडीच फूट जाड. पण ही जाडी फसवी. बाहेरचा थर वेगळा रचायचा, आतला वेगळा, आणि मधल्या पोकळीत माती आणि दगडाच्या कपच्या भरायच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. पूर्वीचे गवंडी तो घालायचे असं जुने लोक सांगतात. पुढे मजुरी वाचवायला तो गळला. वर माळवद. लाकडी फळ्यांवर माती, दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी माती, असं करत करत कुठे फूट, कुठे दोन फूट थर चढलेला. धक्क्याने भिंतीचे दोन थर फाटले आणि मातीचा तो डोंगर झोपलेल्यांवर आला. ज्या घरांत छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती बाहेर पडल्या पण छत उभं राहिलं आणि आतली माणसं वाचली. वाचलेल्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हा फरक नंतरच्या कित्येक तज्ज्ञांच्या अहवालात एका ओळीत येतो.

मरणाऱ्यांत बायका आणि मुलं जास्त होती. पुरुष बाहेर, ओट्यावर किंवा शेतात झोपायचे. बायका आत.

आणि हे अचानकही झालं नव्हतं. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात जमीन हादरत होती. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर बऱ्यापैकी मोठा होता, घरांना तडे गेले. लोक अंगणात झोपायला लागले, गाव हलवा अशी मागणी झाली. पण दख्खनचं पठार म्हणजे अढळ खडक, असं पुस्तकात लिहिलेलं. भूकंपाच्या नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसं गेली, तेव्हा हा समज एकदा हलला होता. पण कोयनेचं खापर धरणावर फोडून बाकीचा महाराष्ट्र निश्चिंत झाला. किल्लारीनंतरही माकणीच्या तेरणा धरणाकडे बोट दाखवलं गेलं, वाद झाले. नकाशा बदलायला २००२ साल उजाडलं. थंडी वाढली तशी किल्लारीची माणसं एकेक करून पुन्हा माळवदाखाली झोपायला गेली होती. सरकारने कानाडोळा केला म्हणून ती आत गेली, की थंडीमुळे गेली, हा प्रश्न मला अजून छळतो. बहुधा दोन्ही.

मदत मात्र झपाट्याने आली, हे कबूल करायला हवं. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी किल्लारीत पोचले आणि पुढचे काही दिवस तिथूनच कारभार हाकला. लष्कर आलं. पाऊस सुरू झाला, सरपण ओलं, एकेका चितेवर अनेक देह ठेवावे लागले. देशभरातून ट्रक आले आणि त्यांच्यामागे बघेही आले. गर्दी इतकी झाली की मदतीच्या गाड्यांना वाट मिळेना. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. मदतीच्या सगळ्या गोष्टींत मला हे काम सगळ्यात दूरचं पाहणारं वाटतं, कारण ते पंधरा दिवसांत संपणारं नव्हतं.

मग पंचनामे सुरू झाले, आणि इथून किल्लारीची दुसरी गोष्ट सुरू होते.

जागतिक बँकेने १९९४ मध्ये २४.६ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बावन्न गावं पूर्ण नव्या जागी हलवायची, बाकीच्या शेकडो गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची असं ठरलं. नव्या गावांत घर केवढं मिळणार? नियम सरळ होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरच्या वर ७५० चौरस फूट. म्हणजे सातबारा बघून घराचं माप. ज्याच्याकडे जास्त होतं त्याचं जास्त पडलं, म्हणून त्याला जास्त, असा हिशेब. प्रशासनाच्या बाजूने बोलायचं तर सातबारा हा एकच कागद असा होता की जो ढिगाऱ्याखाली गेला तरी तलाठ्याकडे दुसरीकडे शिल्लक होता. पण त्या कागदावर कोण असतं? नवऱ्याच्या पश्चात बाई बहुधा नसते. वाटणी न झालेल्या घरातला धाकटा भाऊ नसतो, त्याची चूल वेगळी असली तरी. बटाईने करणारा तर नसतोच. एका छताखाली तीन भाऊ, तीन चुली, आणि घर एक. या भांडणांनी कलेक्टर कचेऱ्यांचे व्हरांडे कित्येक महिने भरलेले असायचे.

मराठवाड्यातल्या खेड्यातला मुसलमान या कागदावर नेमका कुठे बसतो ते वेगळं सांगायला नको. थोडे जमीनदार, इनामदार सोडले तर आतार, मणियार, बागवान, पिंजारी, खाटीक, शेतमजूर. जमीन नाही किंवा एखादा तुकडा. यात धर्मावरून भेदभाव झाला असं मी म्हणत नाही. त्याच रांगेत शेजारी कुंभार होता, मांग होता, महार होता, आणि तिघांनाही २५० चौरस फूटच मिळाले. पण या सगळ्यांचा धंदा गल्लीवर चालायचा. मणियाराचं दुकान म्हणजे त्याच्या घराचा ओटा, आणि गिऱ्हाईक म्हणजे पाण्याला जाणारी बाई. नवीन गावात आखणी शहरातल्या कॉलनीसारखी झाली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, मोठी घरं एकीकडे, छोटी घरं दुसरीकडे. गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरलं. दारावरून कुणी जाईना. नकाशा काढणाऱ्याने जातीच्या वाड्या मोडल्याचं समाधान मानलं असेल, पण घराच्या मापाप्रमाणे प्लॉट दिल्यावर भूमिहीन पुन्हा एकत्र एका कडेला आलेच.

गावं दत्तक घेणाऱ्यांच्या हौशीही होत्या. गुबाळमध्ये घुमटासारखी गोल घरं उभी राहिली. गोल भिंतीला कपाट कसं टेकवायचं, खाट कुठे लावायची, जनावर कुठे बांधायचं हे कुणी राहणाऱ्याला विचारलेलं दिसत नाही. उलट बाणेगावात मलयाळ मनोरमाच्या मदतीने वास्तुकार लॉरी बेकर यांनी काम केलं. हा माणूस आयुष्यभर स्वस्त, स्थानिक सामानाची घरं बांधत आलेला. असे अपवाद होते. पण बहुतेक नव्या गावांत दगड हद्दपार झाला. लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता, आणि ठेकेदाराला सिमेंट सोपं होतं. जुन्या गावाचा दगड तसाच पडून राहिला.

खरी इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट न हललेल्या गावांत घडली. तिथे सुमारे दोन लाख घरं दुरुस्त करायची होती. सरकार नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये टप्प्याटप्प्याने देणार, आणि घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचं. भिंतीत भोकं पाडून काँक्रीटचे आरपार जोड घालायचे, दारं-खिडक्यांच्या वर सळईचा पट्टा फिरवायचा, माळवदावरची माती उतरवायची. इंजिनिअरकडे पुस्तिका होती. लोकांना ती पटेना. बऱ्याच जणांनी पैसे उचलून अंगणात काँक्रीटची एक खोली उठवली आणि जुनं धोक्याचं घर तसंच ठेवलं. काम अडलं.

तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, एक गोष्ट सरकारच्या गळी उतरवली. गावातल्या महिला मंडळातल्या बायकांना सरकार आणि घरमालक यांच्यातला दुवा नेमायचं. त्यांना नाव मिळालं संवाद सहायक. सुमारे तेराशे गावांत हे काम चाललं. या बायका काय करायच्या? कुणाचं नाव यादीत आहे, कुणाचं सुटलं, हप्ता कुठे अडला, सिमेंट किती आलं, गवंड्याने सळई खरंच घातली की नुसतं प्लास्टर मारलं, हे बघायच्या. चावडीत यादी मोठ्याने वाचून घ्यायच्या. ज्या बाईने कधी ग्रामसेवकासमोर मान वर केली नव्हती ती बिडीओला विचारायला लागली की परित्यक्ता बाईचं घर कोणत्या कागदावर धरणार. सगळीकडे जमलं असं नाही. काही गावांत संवाद सहायक म्हणजे सरपंचाची भावजय निघाली आणि नाव नुसतं रजिस्टरवर राहिलं. पण जिथे जमलं तिथे यादी लिहिणारा हात बदलला.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं. तोही शुक्रवार. वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. काही दिवसांतच लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छमध्ये पोचल्या. भाषा येत नव्हती. हिंदी मोडकी. पण ढिगाऱ्यावर बसलेल्या बाईला काय सांगायचं हे त्यांना ठाऊक होतं. पंचनाम्याच्या वेळी घरी थांब. सही करण्याआधी कागद वाचून घे. तात्पुरत्या शेडमध्ये दोन वर्षं जातील, तयारी ठेव. सिमेंटची गोणी मोजून घे. त्याच वर्षी दिल्लीत आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीचं काम वाजपेयींनी विरोधी पक्षातल्या पवारांकडे सोपवलं, तेही किल्लारीच्याच अनुभवावर. त्याची बातमी छापून आली. बायकांच्या प्रवासाची फारशी आली नाही.

मग २६ डिसेंबर २००४, रविवार. सुमात्राजवळ समुद्रतळ हलला, ९.१ क्षमतेचा भूकंप, आणि दोन-अडीच तासांत लाट तमिळ किनाऱ्यावर. हिंदी महासागराभोवती सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली. भारतात दहा हजारांहून अधिक, त्यांतली सहा हजारांवर एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात. किल्लारी आणि कच्छच्या बायका तिथेही गेल्या. भाषा आता अजिबातच कळत नव्हती, दुभाष्या लागायच्या. तिथे त्यांना जुनीच गोष्ट नव्या वेषात दिसली. इथे सातबाऱ्याच्या जागी होडी होती. मासेमारांच्या जातपंचायती मजबूत, मदतीच्या याद्या त्यांच्या हातून जायच्या. होडी गेलेल्याला होडी मिळाली, काहींना दोन मिळाल्या. पण मासळी डोक्यावर घेऊन विकणारी बाई, होडीवर मजुरी करणारा, खारवट झालेल्या शेतातला दलित मजूर, खाडीत हाताने कोळंबी पकडणारे इरुळा आदिवासी, ही माणसं कित्येक याद्यांत नव्हतीच. लाटेने त्यांचं असं काय नेलं की ज्याची नोंद होती?

याच नागपट्टिणमच्या शेजारी नागोर आहे. सोळाव्या शतकातले सूफी शाहुल हमीद यांचा दर्गा. लाट आली तेव्हा आसपासच्या कोळीवाड्यांतली माणसं दर्ग्याकडे धावली. तिथे त्यांना आसरा मिळाला, जेवण मिळालं. प्रेतांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला तेव्हा दर्ग्याने आपली जमीन दिली. हिंदू कोळी, मुसलमान, ओळख न पटलेले, सगळे तिथे दफन झाले. वेळ नव्हता, ओळखपत्रं समुद्रात गेली होती.

मराठी वाचकाला यात आणखी एक धागा माहीत असावा. नागोर दर्ग्याला पाच मिनार आहेत. त्यांतला सगळ्यात उंच, १३१ फुटांचा, अठराव्या शतकात तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. हा व्यंकोजींच्या घराण्यातला राजा, शिवाजी महाराजांच्या भावाच्या वंशातला. त्याच्या मुलाने, तुळजाजीने, दर्ग्याला जमिनी दिल्या. तंजावरच्या मराठ्यांबद्दल आपण सरस्वती महाल ग्रंथालय सांगतो, मंदिरावरचा शिलालेख सांगतो. मिनार सांगायचा राहून जातो. मी स्वतः तो उशिरा वाचला, आणि वाचला तेव्हा वाटलं की हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर १९९३ च्या त्या शुक्रवारी चादरीपाशी तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायला मौलवीसाहेबांना निम्मा वेळ लागला असता.

उस्मानाबादच्या मातीत यादी या शब्दाला आणखी एक जुनी जखम आहे. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर याच जिल्ह्यात मारल्या गेलेल्या मुसलमानांची मोजदाद करायला पंडित सुंदरलाल यांची समिती फिरली होती, आणि तिचा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. तो विषय वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायचं आहे. इथे उल्लेख एवढ्यासाठी की १९९३ मध्ये त्याच भागात मेलेल्यांची यादी चावडीवर लागली, त्यात सगळ्यांची नावं एकाखाली एक होती, आणि पन्नाशी ओलांडलेल्या काही माणसांना हे पाहून काय वाटलं असेल याचा मी फक्त अंदाज करू शकतो.

त्सुनामीनंतरचा जुमा ३१ डिसेंबरला आला. नागापुरात आमच्या मशिदीत पुन्हा चादर पसरली. तोवर मी नोकरीला लागलो होतो. १९९३ च्या ट्रकवर गेलेल्यांपैकी एक चाचा, आता निवृत्त, दारातच उभे राहिले. कुणी घरून कपड्यांचं गाठोडं आणलं होतं, ते त्यांनी परत पाठवलं. तमिळनाडूतही तेव्हा जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडले होते, हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रातून कळलं. चाचांनी चादरीवरचे पैसे मोजले, वहीत आकडा लिहिला, आणि खाली ज्यांनी दिले त्यांची नावं लिहायला एका पोराने पेन पुढे केलं तेव्हा म्हणाले, राहू दे, आकडा पुरे.